‘व इतर’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख दोनदा वाचला. न्यू ऑर्लिन्सहून निघालेली गाडी लेखकाने शिकागो, न्यू यॉर्क करत व्यवस्थित आणली. आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट, ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा, चार्ली पार्करचा बीबॉप, सगळी स्टेशनं लागली. घोळ झालाय तो गाडी मुंबईत शिरल्यावर. ‘मुंबईला जॅझची ओळख १९७८ च्या जॅझ यात्रेने झाली’ (म्हणजे त्या वर्षीच्या जॅझ महोत्सवाने) हे वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. त्याहून मोठी तक्रार लेखासोबतच्या फोटोखालच्या ओळीची आहे. तिच्याकडे नंतर येतो.

१९७८ ला धोबी तलावच्या रंगभवनात मीही होतो, सर्वांत स्वस्त तिकिटावर, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सला ऐकायला. (हा माणूस त्याच्या दहाएक वर्षं आधी सॅक्सोफोन घेऊन पवईच्या चिन्मय आश्रमात काही महिने राहून गेला होता. पवईकरांपैकी किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.) पण जॅझ मुंबईत आला तो निदान त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी. १९३५ मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य) क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्डने शिकागोत आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवलं होतं. मायदेशात अनेक हॉटेलांच्या पुढच्या दारानेही ज्यांना आत घेत नसत, ते इथे ताजच्या बॉलरूममध्ये साहेबांना आणि संस्थानिकांना नाचवत होते. वेदरफोर्ड परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला, वय अवघं ४१.

या मंडळींच्या बँडमध्ये आणि आसपास गोव्याची पोरं होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून गाणं शिकवत, तेही कागदावरचं स्वरलेखन वाचायला लावून. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईत उतरला, की गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, पथारी टाकायची आणि समोर ठेवाल तो कागद वाजवायचा, एवढी त्याची तयारी असे. जॅझमध्ये मात्र खरी मजा कागद संपल्यावर सुरू होते. दोन सारख्या मात्रा एक लांब, एक आखूड अशा डुलवायच्या आणि वर आपल्या मनाची फिरत घ्यायची. चर्चमध्ये शिकलेल्या हातांना हे वळण या पाहुण्यांनी लावलं. फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून तयार झाला. मिकी कोरियाने तर दोन दशकांहून अधिक काळ ताजचा बँड सांभाळला.

मग हे हॉटेलातलं संगीत आपल्या सिनेमात आलं कसं? कारणं बरीच असतील, पण एक कारण दारूबंदी हे आहे, आणि ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री ओस पडू लागल्या. बारच चालेना, तिथे बँडला पगार कुठून देणार? वादकांनी दादर, ताडदेव, अंधेरीचे स्टुडिओ गाठले. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकाराकडे चाल तयार असे, पण तीस-चाळीस वाद्यांत ती वाटायची कशी, कोणी कुठे थांबायचं, कोणी कुठे उचलायचं, हे लिहून देणारा माणूस लागे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे अरेंजर झाले ते असे. पडद्यावर नाव यायचं ते ‘सहाय्यक’ म्हणून. पुष्कळांचं तेही नाही.

आता फोटो. तुम्ही १९५१ च्या ‘अलबेला’तला एक प्रसंग छापला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘भगवानदादा, गीता बाली व इतर’. या ‘इतर’मध्ये ट्रम्पेट धरून जो उभा आहे, तो चिक चॉकलेट. खरं नाव अन्तोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या बार्देशच्या हळदोण्याचा. त्या काळची मुंबई त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. तो नुसता फोटोपुरता उभा नाही. ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांचा तो सहाय्यक होता. चितळकर अण्णांच्या गळ्यात भावगीत, भगवानदादांच्या पायात त्यांची ती खांदे उडवत चालण्याची ढब, आणि या दोघांच्या मागे हळदोण्याचा ट्रम्पेट. लेखक ज्याला ‘पाश्चात्य ठेक्याची नक्कल’ म्हणून एका ओळीत मोडीत काढतात, ते असं घडलं होतं. नक्कल काही गाण्यांत होती, नाही म्हणत नाही. पण ‘शोला जो भडके’ ऐकताना गिरगावातली म्हातारी माणसंसुद्धा मान डोलावतात. निव्वळ नकलेला कोण इतकी वर्षं मान डोलावतं?

मी चिरा बाजारात वाढलो. आमच्या चाळीसमोर गोवेकरांची कूड होती. तिथे एक ट्रम्पेटवाले राहत. सकाळी खिडकीत बसून रियाज करत, शेजाऱ्यांनी शिव्या घालू नयेत म्हणून भोंग्यात टॉवेल कोंबून. दहाच्या सुमारास काळी पेटी उचलून ट्राम पकडत. आमच्या वडिलांच्या लेखी ते ‘बँडवाला’. लग्नातलाच समजत असावेत. एकदा संध्याकाळी पानवाल्याच्या रेडिओवर एक गाणं लागलं. सुरुवातीलाच ट्रम्पेटचा छोटासा तुकडा होता, तीन-चार सेकंदांचा. सुट्टे मोजता मोजता त्यांचा हात थांबला आणि मला, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या एका शाळकरी पोराला, ते हळूच कोकणीत म्हणाले, ‘‘तो हांव.’’ म्हणजे, तो मी. गाणं संपल्यावर निवेदिकेने गायिका, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट अशी चार नावं सांगितली. ते पान तोंडात टाकून निघून गेले.

त्यांचं नाव मला त्या वेळी माहीत होतं, पुढे विसरलो, आणि आता सांगणारं कोणी उरलं नाही. कूडही मोडली. चिक चॉकलेटच्या बाबतीत मात्र तुम्हाला ही सबब सांगता येणार नाही. त्याचं नाव, गाव, चेहरा सगळं उपलब्ध आहे.

तेव्हा विनंती दोन. १९७८ ऐवजी १९३५ अशी दुरुस्ती करावी. आणि फोटो पुन्हा छापणार असाल तर खालची ओळ अशी घ्यावी : भगवानदादा, गीता बाली आणि ट्रम्पेटवर चिक चॉकलेट (अन्तोनियो झेवियर वाझ, हळदोणे, गोवा). जागा कमी पडत असेल तर माझं पत्र कापा.

आपला,
एक जुना वाचक,
ठाकूरद्वार, मुंबई