कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हणायच्या आधी कलम कुठलं ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रॅफिक पोलिसांनी मोहिमेत किती गाड्या पकडल्या, किती दंड गोळा झाला याच्या बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण ज्याच्या हातात चलन किंवा समन्स पडलं त्या माणसानं पुढं काय करायचं हे कुठंच छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. मी वकील नाही. तालुका विधी सेवा समितीत पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून काम करते, कोर्टाच्या आवारात बसते, कागद घेऊन आलेल्या माणसाला योग्य टेबलापर्यंत पोचवणं हे माझं काम. गाडीच्या केसेसवाले लोक आले की पहिला प्रश्न एकच असतो, ताई किती भरायचे? कलम कुठलं लागलंय हे विचारणारा क्वचितच भेटतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं दंड आणि शिक्षा बऱ्याच वाढल्या. त्यात काही गुन्हे असे आहेत की जागेवर किंवा ऑनलाइन तडजोड रक्कम भरली की विषय संपतो, कलम २०० मध्ये त्यांची यादीच आहे. लायसन नसणं, इन्शुरन्स नसणं, हेल्मेट, सीटबेल्ट, स्पीड, गाडी चालवताना हातात मोबाइल, हे सगळं त्यात येतं. पण दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे कलम १८५ त्या यादीत नाही, आणि धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ मोबाइलचा भाग सोडला तर नाही. सिग्नल तोडणं, राँग साइडनं येणं हे सुद्धा २०१९ पासून १८४ च्या स्पष्टीकरणात घातलंय, आणि तिथं पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. म्हणजे दोन माणसं एकाच नाक्यावर एकाच दिवशी पकडली गेली तरी एकाचं प्रकरण मोबाइलवर पैसे भरून मिटतं आणि दुसऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं. हा फरक त्यांना तिथं कोणी सांगत नाही.

मध्यंतरी एक पोरगा आला, भाड्यानं पिकअप चालवतो, १८५ चं समन्स होतं. त्याला बाहेर कुणीतरी सांगितलेलं की साहेबांनी विचारलं की कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि संध्याकाळी परत गाडीवर. त्याच्याकडं श्वासाच्या मशीनची पावती होती, तो पातळ कागद खिशात राहून राहून निम्मा पुसट झालेला, पण रीडिंग आणि वेळ नीट वाचता येत होती. आमच्या पॅनलवरच्या वकील मॅडमनी आधी ती वेळ बघितली, मग पोलिसांच्या कागदावरची अटकेची वेळ बघितली, मग दवाखान्याच्या कागदावरची. कारण कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं, असं कलम २०२ मध्येच आहे. त्या पोराला यातलं काहीही माहीत नव्हतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, दुसऱ्यांदा तेच दोन वर्षं आणि पंधरा हजारांवर जातं, आणि आज कबूल केलं की हा पहिला गुन्हा रेकॉर्डवर कायमचा बसतो, हे ऐकल्यावर तो खुर्चीतच गप्प बसून राहिला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपील. मॅजिस्ट्रेटसमोर स्वतःहून गुन्हा कबूल करून शिक्षा झाली तर नंतर वरच्या कोर्टात मी निर्दोष होतो म्हणून अपील करता येत नाही, शिक्षा जास्त झाली किंवा शिक्षा कायदेशीर नाही एवढ्याच मुद्द्यावर जाता येतं. लोकांना वाटतं दंड भरला म्हणजे मिटलं. मिटत नाही हो. ज्याचं पोटच लायसनवर आहे त्याच्यासाठी तर दहा हजारांपेक्षा लायसन सस्पेंड होणं जास्त महाग पडतं, ते कलम १९ खाली आरटीओकडून वेगळं होतं, त्याचा आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं आणि ते तीस दिवस बहुतेकांचे इथं तिथं विचारण्यातच जातात.

कुणी म्हणेल दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची एवढी काळजी कशाला. मला स्वतःला त्या गुन्ह्याबद्दल अजिबात सहानुभूती नाही, अशा ड्रायव्हरनं उडवलेल्या माणसांच्या बायका-पोरांचे अर्जसुद्धा मीच भरून देते. पण ज्यानं केलंय त्यानं कबूल करताना आपण काय कबूल करतोय ते समजून करावं, आणि ज्यानं केलं नाही त्यानं घाईगडबडीत कबूल करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ई-चलनाचं. मेसेज आला की लोक एकतर घाबरून लगेच भरतात नाहीतर वर्षानुवर्षं बघतच नाहीत, दोन्ही चूक. आधी पोर्टलवर जाऊन फोटो उघडून बघा, गाडी तुमचीच आहे का, नंबर प्लेटचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय का, वेळ आणि जागा जुळते का. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम घातला, त्यात कॅमेऱ्यानं केलेल्या चलनासोबत नंबर प्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं हे दिलं पाहिजे असं लिहिलंय, कॅमेऱ्याला मान्यतेचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि पुढं कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर दिसेल अशी लावली पाहिजे. चलन चुकीचं वाटलं तर त्याच पोर्टलवर आणि ॲपवर तक्रार टाकायची सोय आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि गाडी विकलेली असेल तर आधी आरसीवर नाव कुणाचं आहे ते बघा. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०, पण लोक सही करून कोरे फॉर्म देतात आणि गाडी कुठं गेली याचा पत्ता नसतो. चलन येतं जुन्या मालकाला, आणि चलन तर सोडाच, त्या गाडीनं अपघात केला तर नुकसानभरपाईची जबाबदारीसुद्धा कागदावर ज्याचं नाव त्याच्यावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ साली हे स्पष्ट सांगितलंय.

लोक अदालतीची नोटीस आली तरी घाबरू नका, ती अटक नाही. तिथं तडजोडीचे गुन्हे मिटतात आणि झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, त्यामुळं तिथं सही करण्याआधीही वाचा. आणि १८५ ची केस लोक अदालतीत मिटवून देतो असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय, तडजोड न होणारे गुन्हे लोक अदालतीच्या अधिकारातच येत नाहीत.

पोलिसांनी लायसन जमा करून घेतलं तर त्याची पावती मागा. कलम २०६ मध्ये तशी तात्पुरती पोचपावती द्यायची असते आणि एरवी तिच्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून दारू, स्पीड, धोकादायक ड्रायव्हिंग, हेल्मेट अशा गुन्ह्यांत लायसन जप्त झालं तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. कागद जवळ नसले तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले चालतात. यावर नाक्यावर वाद घालत बसू नका, शांतपणे दाखवा.

अपघात झाला तर मात्र सगळंच वेगळं, तिथं सल्ला पहिल्या काही तासांतच लागतो. कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करायची, पोलिसांना आणि इन्शुरन्स कंपनीला कळवायचं. जमाव अंगावर आला म्हणून थांबता आलं नाही तर कायदा ते समजून घेतो, तसं कलमातच लिहिलंय, पण मग जवळच्या पोलिस स्टेशनला लवकरात लवकर आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत जायलाच लागतं. भीतीनं गावी जाऊन लपून बसलेला ड्रायव्हर स्वतःचीच केस बिघडवतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर आता कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी दोन होती. पळून गेलं की थेट दहा वर्षं असं जे मोबाइलवर फिरतं ते पोटकलम २ चं आहे, ट्रकवाल्यांच्या संपानंतर ते बाकी संहितेसोबत लागू केलं नव्हतं. अशा केसमध्ये पोलिसांना जबाब देण्याआधी वकिलाशी बोलणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लपवालपवी काही नाही. आणि जखमींच्या घरच्यांनीही लक्षात ठेवा, नुकसानभरपाईचा अर्ज आता अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो.

आईवडिलांना मात्र मी जरा कडकच सांगते. क्लासला जायला सोळा वर्षाच्या पोराच्या हातात स्कूटर देता, पण त्या वयात लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तुमच्या दारातली स्कूटर त्याच्या दुप्पट असते. कलम १९९-ए नं पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, कोर्ट तुम्हाला माहीत होतं असंच धरून चालतं.

सल्ला कुठं मिळेल? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार आणि कोठडीत असलेला माणूस यांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न बघत नाहीत. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा नंबर आहे, नाहीतर कुठल्याही कोर्टात जाऊन विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. स्वतःचा वकील करणार असाल तर सगळे कागद घेऊन जा, फी किती आणि त्यात काय काय येतं हे आधी विचारा, पावती घ्या, आणि सगळं सेटिंग करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो बहुतेक वेळा वकील नसतोच.

संपादकसाहेब, माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडं, की ज्या दिवशी ट्रॅफिकच्या केसेस बोर्डावर असतात त्या दिवशी कोर्टरूमच्या दाराबाहेर पॅनलचा एक वकील बसवावा, पुकारा होण्याआधी दहा मिनिटं जरी त्या माणसाशी बोलणं झालं तरी खूप फरक पडेल. दुसरी तुमच्याकडं, की आठवड्यातून एकदा एक कलम घेऊन चौकट छापा, ते तडजोडीचं आहे की कोर्टाचं, शिक्षा काय, मुदत किती, एवढंच. कलमं निवडायला आणि भाषा सोपी करायला आमच्या समितीतले लोक मदत करतील, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

आपली,
एक पॅरालीगल व्हॉलंटियर आणि नियमित वाचक