मामा, तंबूचं कापड टिकलं का?

मामांना आणि मामींना नमस्कार,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायचं काम तुमच्या नातवाकडे दिलंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण डोंबिवलीला परत आल्यापासून आमच्या घरात भंडारदऱ्याची गोष्ट रोज थोडी थोडी बदलतेय. परवा तर आमचे हे कुणाला तरी सांगत होते की गाडी "आम्हीच" बाहेर काढली. म्हटलं, खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकावं.

तुम्ही दुपारीच सांगितलं होतंत. बैल पाण्यावर आणले होते तुम्ही, आणि आम्ही पाच जण तंबूला जागा बघत होतो. "ताई, हितं नका उतरू. खाली गाळ हाय. वर आंब्याखाली जावा." आम्ही मान डोलावली आणि तुमची पाठ वळताच खाली उतरलो. मेअखेर तलाव इतका आटलेला, की पाण्याला लागून तंबू ठोकायचा तर गाडी तळ्याच्या पोटातच न्यायला हवी. ह्यांना तसाच फोटो हवा होता. जमीन तर कशी खडखडीत, भेगा पडलेली. पण ती नुसती वरची पापडी. धरण पूर्ण झालं १९२६ साली, आणि तेव्हापासून प्रवरेनं आणून टाकलेला गाळ जणू आमच्याच चाकांची वाट बघत होता. ह्यांनी जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खाली बसली. धाकटी मदतीला धावली आणि तिची डाव्या पायाची चप्पल गाळानं गिळली.

तंबूची गंमत मात्र तुम्हाला अजून माहीत नाही. तो "दोन मिनिटांत उभा राहतो" असं खोक्यावर लिहिलं होतं. दीड तास लागला, आणि तरी एक दांडी कमीच. मग थोरल्यानं डोकं लढवलं आणि आजीची काठी मधोमध लावली. झकास उभा राहिला! मॅगी झाली, चहा झाला, सासूबाईंनी दोन अभंगही म्हटले. रात्री साडेदहाच्या सुमाराला त्यांना बाहेर जायचं होतं. अंधारात चाचपडत त्यांनी आपली काठी शोधली आणि सवयीनं हातात घेतली.

सगळा तंबू आमच्या अंगावर. आणि वळवानं नेमकी तीच वेळ साधली.

कापडाखालून बाहेर यायचा रस्ता सापडेना. धाकटी रडतेय, हे ओरडतायत, सासूबाई काठी उगारून "सरका, सरका" म्हणतायत, आणि तेवढ्यात वरून बॅटरीचा उजेड हलत हलत खाली आला. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेले तुम्ही. काही विचारलं नाहीत. धाकटीला पाठुंगळी घेतलंत, सासूबाईंना म्हणालात, "आजी, माझ्या पावलावर पाऊल टाका," आणि चालायला लागलात.

तुमच्या पडवीत मामींनी चूल पेटवलेलीच होती. गुळाचा कोरा चहा, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. मामी, ती चटणी मी घरी दोनदा करून बघितली. जमली नाही. माझी खुरासणी बहुतेक करपते. आमचे भिजलेले बूट तुम्ही चुलीपासून हातभर लांब, आडवे करून ठेवलेत आणि मध्ये एकदा उठून उलटवलेत. मी जागी होते, पाहिलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. पाऊस थांबल्यावर तुम्ही आम्हाला घरामागे नेलंत आणि मोबाइल खिशात ठेवायला लावलेत. आधी काहीच दिसेना. मग समोरच्या सादड्याच्या एका फांदीवर काजवे लुकलुकले, आणि बघता बघता तो उजेड झाडाच्या शेंड्यापर्यंत सरकत गेला. विझला. पुन्हा खालून सुरू. जणू झाड श्वास घेतंय. "नर हायेत हे. मादीला बोलावत्यात," तुम्ही हळूच म्हणालात, "पाऊस चांगला लागला की संपलं." एक काजवा सासूबाईंच्या पदरात अडकला. तो पेटायचा तेव्हा सुती कापडाचा ताणा-बाणा हिरवट पिवळ्या उजेडात वेगवेगळा दिसायचा. त्यांनी त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "गार आहे गं." त्यांच्या गुहागरच्या परसात लहानपणी असेच असायचे म्हणे. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी बैलजोडी, नाडा आणि चाकांखाली चपटे दगड. ह्यांना एवढंच सांगितलंत, "सायेब, तुम्ही फकस्त सरळ धरा, जोर बैल लावतील." पंधरा मिनिटांत गाडी वर. म्हणजे आता कळलं ना सगळ्यांना, कुणी काढली ते?

मामा, आभार भाकरीचे आहेत, बैलांचे आहेत, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहादा तरी होतं. निम्म्या वेळा मीच म्हणते. तुम्ही दुपारी सांगितलेलं आम्ही ऐकलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. रात्री नाही, सकाळी नाही, निरोप देतानासुद्धा नाही, तुम्ही ते वाक्य एकदाही काढलं नाहीत. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. फक्त म्हणालात, "ते फाटकं कापड टाकणार असाल तर ऱ्हाऊ द्या, सरपनावर घालीन." ते पावसात टिकलं का, नक्की कळवा. हरवलेली दांडी आम्हाला घरी माळ्यावर सापडली. तेव्हा आता तंबू तुमच्याकडे आणि दांडी आमच्याकडे.

तुमची,
डोंबिवलीची ताई