वही उघडी ठेवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेंढीपालनाच्या हिशेबाच्या वहीच्या झेरॉक्स कारंजा-मानोऱ्यापासून दिग्रस-दारव्ह्यापर्यंत फिरताहेत. काही प्रतींवर ढेपेचे डाग पडलेत, काहींची पानं औषधाने चिकटलीत. म्हणजे त्या वापरात आहेत. मेंढीच्या धंद्यात आपला हिशेब सहसा कोणी दुसऱ्याला दाखवत नाही. तुम्ही तो मेलेल्या कोकरांसकट सगळ्यांपुढे ठेवलात, म्हणून हे जाहीर आभाराचं पत्र. नुसते आभार मानले तर तुम्ही लगेच विचाराल, ‘ते जाऊ द्या, वजनं लिहिली का?’ म्हणून तुमच्या वहीतून आम्ही काय उचललं तेही इथेच लिहितो. ज्यांच्या हाती वही पडली नाही, त्यांच्याही कामी येईल.

सगळ्यांची नजर पहिल्याच पानावर अडकते. १०० मेंढ्या, ९० कोकरं. शंभरी २५ मेली तर हाती राहतात ६७-६८. मर शंभरी ८ वर आणली तर ८३. मेंढ्या तेवढ्याच, चारा तेवढाच, राखणदाराची मजुरीही तेवढीच. मग नफा म्हणजे ही मधली १५ कोकरं. कळप वाढवा म्हणून सांगणारे गावोगाव भेटतात. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा ७५ टक्के अनुदानावर मिळतो, त्याचा फॉर्मही गावात भरून मिळतो. पण आहे त्या कळपातली मर मोजा असं लिहून देणारे तुम्हीच.

मेंढा कधी सोडायचा, हे तुमचं पान तर आमच्या भागाला तंतोतंत लागू पडतं. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात मेंढ्याचं बी कमजोर होतं, आणि नवं बी तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. मे महिन्यात तापलेला मेंढा जून संपेपर्यंत, कधी जुलैच्या मध्यापर्यंत अंगावर जातो, पण मेंढ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. म्हणून एप्रिलपासून मेंढे दुपारभर गर्द सावलीत, समोर थंड पाणी, आणि कळपात सोडायचे ते जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तोवर पहिल्या पावसाचं कोवळं गवत दोन-तीन आठवडे मेंढ्यांच्या पोटात गेलेलं असतं. त्याने मेंढ्या एकदमच माजावर येतात आणि वेगळी खुराक घालायची गरज पडत नाही. २५ मेंढ्यांमागे १ मेंढा, तो मेंढा पहिल्यांदाच लावत असाल तर १५ ते २० मागे १. रात्री कळपात, दिवसा वेगळा बांधून.

छातीला रंग लावायची युक्ती तर सगळ्यांनीच घेतली. तेलात कालवलेला गेरू मेंढ्याच्या छातीला फासायचा, म्हणजे ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पाठीवर डाग उमटतो. मेंढीचा माज १७ दिवसांनी परत येतो, म्हणून १७व्या दिवशी गेरू बंद आणि नीळ सुरू. ज्या मेंढीवर गेरूवर नीळ चढली ती पहिल्या वेळी गाभण राहिली नाही. अशा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघाल्या तर दोष नर मेंढ्यात शोधायचा. ३५ दिवसांनी मेंढा बाहेर. मेंढी १४७ ते १५० दिवसांनी वीत असल्याने सगळी कोकरं डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पडतात. वर्षभर मेंढा कळपात ठेवला की कोकरंही वर्षभर पडतात. मग लस, जंताचं औषध, विक्री यांतलं एकही काम एका दमात उरकत नाही.

शेवटचे ४५ दिवस आम्ही पूर्वी फुकट घालवायचो, कारण पोट दिसत असतं आणि वाटतं मेंढी भरलेली आहे. कोकराचं दोन तृतीयांशाहून जास्त वजन याच दिवसांत वाढतं. तुमचं मिश्रण १०० किलोचं: मका भरडा ४०, सरकी ढेप २५, तुरीची चुनी २०, गव्हाचा कोंडा १२, क्षार मिश्रण २, मीठ १. मेंढीला रोज २५० ग्रॅम, पोटात जुळी वाटली तर ३५० पर्यंत, सोबत सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार. मेंढी सुस्त पडली, कळपापासून अलग उभी राहिली, दात खाऊ लागली, डोळ्यांना दिसेनासं झाल्यासारखी भिंतीला धडकू लागली, तर ती जुळ्यांची मेंढी उपाशी पडली आहे असं धरून त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. फिरता पशुवैद्यकीय दवाखाना १९६२ वर फोन केला की येतो. दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

क्षार मिश्रणाखाली तुम्ही लाल पेनाने रेघ ओढली आहे ती योग्यच. दुभत्या जनावरांसाठीचं मिश्रण मेंढीला घालायचं नाही. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीचं यकृत ते साठवत जातं. महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मग एखादा ताण पडला की लघवी तांबडी-काळी, डोळे पिवळे आणि दोन-तीन दिवसांत मेंढी खलास. चांगली खाऊ घातलेली मेंढीच अशी जाते, म्हणून लोक नजर लागली म्हणतात. पोत्यावर मेंढीसाठी असं छापलेलं असेल तेच घ्यायचं. कोंबडीखत खाऊ घालायचं नाही, त्याचंही हेच कारण.

आता वीण. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, वाऱ्याला आडोसा म्हणून तट्टे, खाली वाळलेलं तणस. नाळ दोन इंच ठेवून कापायची आणि सात टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. नुसती शिंपडायची नाही. सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा असतो, तो पिळून काढल्याशिवाय अशक्त कोकराला चीक ओढता येत नाही. पहिल्या तासात चीक पोटात गेला पाहिजे, दिवसभरात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला २५० मिली. आणि ज्या ओळीने सगळ्यांत जास्त कोकरं वाचली असतील ती ही: कोकराच्या तोंडात बोट घाला. तोंड थंड लागलं तर आधी शेकायचं, मग पाजायचं. गारठलेल्या, मान टाकलेल्या कोकराला जबरीने पाजलं की चीक फुप्फुसात जातो आणि आपल्याच हाताने ते मरतं. पोत्यात गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या कुशीला लावून, चोखायला लागेपर्यंत थांबायचं.

पंधरवड्यानंतर कोकरांचा कोपरा वेगळा. वीतभर फट ठेवली की कोकरू आत जातं, मेंढी बाहेर राहते. आत ५० ग्रॅम खुराकीपासून सुरुवात, तीन महिन्यांत २०० पर्यंत. ९० दिवसांनी आईच्या दुधावरून तोडायचं.

जंतांच्या औषधावर तुम्ही सगळ्यांचे कान उपटलेत. दर दोन महिन्यांनी एकच बाटली सगळ्या कळपाला, अंदाजाने, ही रीत जंतांनाच पाळते. कमी मात्रेने मरतात ते कमजोर जंत, उरतात ते औषध पचवणारे. वजन करून, गटातल्या सगळ्यांत जड मेंढीच्या वजनाने मात्रा. अल्बेंडाझोल गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अजिबात नाही. पाजताना तोंड वर करून घशात ओतायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मुळाशी सोडायचं. रक्तपिते जंत ओळखायला खालची पापणी उलटायची: लालबुंद असेल तर औषध नको, पांढुरकी असेल तर आजच. जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबते तोवर थांबलात तर मेंढी हातची गेली. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हा फेरा. औषध लागू पडतं का हे पाहायला दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या औषधाआधी आणि नंतर १४ दिवसांनी तपासून घ्यायच्या. अंडी ९५ टक्क्यांनी घटली नाहीत तर ते औषध तुमच्या कळपापुरतं संपलं. आणि दव वाळल्याशिवाय चरायला सोडायचं नाही. जंतांची पिलं ओल्या पात्यावर चढून बसलेली असतात.

हा सगळा मजकूर पुस्तकांतही सापडेल. तुमचं वेगळेपण लसीच्या पानावर आहे. पीपीआर हा मेंढ्या-शेळ्यांचा साथीचा रोग दुसऱ्याच्या वाड्यातून येतो. शेजाऱ्याच्या कळपाला लस नसेल तर आपली अर्धी लस वाया, हे तुम्ही ओळखलंत आणि आपली माहिती सगळ्यांना वाटलीत. दिलदारी आहेच, पण त्यात व्यवहारही आहे, आणि तुम्ही तो लपवत नाही हे आम्हाला आवडतं. पीपीआरची लस चार महिन्यांवरच्या सगळ्यांना, १ मिली कातडीखाली, तीन वर्षांतून एकदा. पातळ केल्यावर बर्फात ठेवून दोन तासांत संपवायची, म्हणून एका कुपीत बसतील तेवढ्या मेंढ्या दोन-तीन वाड्यांनी मिळून एका जागी आणायच्या. आंत्रविषाराची लस मेमध्ये, पहिल्यांदा देत असाल तर १५ दिवसांनी परत, आणि गाभण मेंढीला विण्याआधी महिनाभर, म्हणजे चिकातून कोकराला संरक्षण जातं. हा रोग कळपातलं सगळ्यांत धष्टपुष्ट कोकरू आधी नेतो.

नर मेंढ्यांची अदलाबदल त्याच विचारातली. पाच गावांची साखळी, मेंढा एका कळपात दोन हंगाम, मग पुढच्या गावाला. पहिल्या हंगामातल्या त्याच्या पोरी तिसऱ्या जुलैला लागायला येतात, त्याआधी तो निघून गेलेला असतो. नवा मेंढा आला की २१ दिवस वेगळा, सांसर्गिक गर्भपातासाठी रक्ततपासणी, दोन्ही अंड सारखे आणि टणक आहेत की नाही हे हाताने बघायचं. बाहेरून आणायचा झाला तर मेंढी व शेळी विकास महामंडळाची पोहरा (अमरावती) आणि बोंद्रीची (नागपूर) प्रक्षेत्रं विदर्भातच आहेत. जुळी देणाऱ्या नारी सुवर्णाचा मोह अनेकांना होतो. फलटणच्या संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जनुक दख्खनीत आणून ती तयार केली, काम मोठंच आहे. पण ज्याच्याकडे एका कोकराला पुरेल एवढंच दूध आहे त्याने जुळी मागू नयेत. हे तुमचं मत आम्हाला शंभर टक्के पटतं.

चराईबद्दल थोडंच लिहितो, कारण ते ज्याला त्याला आपल्या शिवारात शिकावं लागतं. शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटीत मेंढ्या घातल्या की राहिलेली बोंडं खाल्ली जातात आणि गुलाबी बोंडअळीही घटते, त्यामुळे शेतकरी स्वतः बोलावतो. मात्र शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे धुऱ्यावर उभं राहून आधी विचारायचं. सोयाबीन काढलेल्या वावरात सांडलेल्या दाण्यावर आणि लग्नाच्या उरलेल्या भातावर मेंढ्या तुटून पडतात. पोट गच्च, मेंढी बसकण मारते. पाणी तोडा, भाताने झालं असेल तर खायचा सोडा १५ ते २० ग्रॅम पाण्यातून पाजा आणि डॉक्टर बोलवा. कापून परत फुटलेली ज्वारी गुडघाभर असताना तर पाय ठेवू देऊ नका, तिच्यात विष असतं, तिथे डॉक्टर यायलाही वेळ मिळत नाही. लोकरीचं पान आम्ही वाचून सोडून दिलं. तिच्यात पैसा राहिला नाही, कातरायची ती गोचिडांसाठी.

विक्रीत तुमचा काटा सगळ्यांत उपयोगी पडला. रुमालाखाली बोटं दाबून होणाऱ्या सौद्यात घेणाऱ्याच्या नजरेला वजन कळतं, विकणाऱ्याला कळत नाही. सकाळी उपाशीपोटी काट्यावर टांगून वजन लिहिलं की बोलणं किलोवर येतं. शेवटचे ६० दिवस रोज ३०० ग्रॅम खुराक म्हणजे १८ किलो. ३० रुपये किलोने ५४० रुपये. रोज ५० ग्रॅम वाढ जास्त मिळाली तर ३ किलो. जिवंत वजनाला ४०० धरले तर १२००. भाव बदलले की आकडे बदलायचे, रीत तीच. डिसेंबरची कोकरं आखाडीला सहा-सात महिन्यांची होतात, तेव्हा गिऱ्हाईक दारात येतं. त्याच वेळी दात पडलेल्या, सड सुजलेल्या, दोन हंगाम रिकाम्या गेलेल्या मेंढ्याही काढायच्या, शंभरी १५ ते २०. म्हातारीवर जीव जडलेला असतो, पण तुमच्या वहीत तिच्या रकान्यात नुसता खर्चच दिसतो.

एक मागणं आहे. भंडारा-गोंदियाकडून वही मागणारे वाढलेत. तिकडे धानाच्या बांध्यांत गोगलगायी, म्हणून यकृतातल्या चपट्या जंतांचा त्रास, आणि कोवळे चपटे जंत अल्बेंडाझोलने मरत नाहीत. आपल्या वहीत याचं पान नाही. शेवटची पानं कोरी आहेत, ती तिकडच्या एखाद्या जाणत्या मेंढपाळाला लिहायला द्यावी. यंदाची नर मेंढ्यांची अदलाबदल जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं ठरतंय. रक्ताचे नमुने त्याआधी महिनाभर द्यावे लागतील, तारीख तेवढी कळवा.

आपले,
साखळीतल्या पाचही गावांचे मेंढीवाले