रोज सोळाशे मीटर पळवू नका

संपादक महोदय,

पहाटे साडेपाचला फिरायला निघालो की आमच्या बाह्यवळण रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात. डांबरावर, झिजलेल्या बुटांनी, रोज 1600 मीटर आणि रोज जीव तोडून. 31 वर्षं शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे बघवत नाही.

परवा एकजण नडगी धरून कठड्यावर बसलेला. म्हणाला, "सर, अकॅडमीत खाडा केला की दंड लागतो." दंड! अहो, दम आणि ताकद पळून झाल्यावर, झोपेत आणि जेवणात भरून येते. आठवड्यातून दोनच दिवस वेगाचे ठेवा: 400 मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं चालणं. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश पळा, मातीवर. एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि अंतर हळूहळू वाढवा, एकदम दुप्पट नको.

शिवाय मुलांच्या मैदानी चाचणीचे 50 गुण बघा. 1600 मीटरला 20, पण 100 मीटर आणि गोळाफेकीला 15-15. म्हणजे 30 गुण वेगाचे आणि झटक्याच्या ताकदीचे. 7.26 किलोचा गोळा नुसत्या पळण्याने लांब जात नाही. त्याला बैठका, उड्या, खांद्याचा व्यायाम आणि मुख्य म्हणजे तंत्र लागतं. या रस्त्यावर गोळा घेतलेला एकही पोरगा मला अजून दिसलेला नाही.

पालिकेने शाळेचं मैदान पहाटे दोन तास उघडं ठेवावं. शिकवायला मी फुकट येतो.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड