घळईत भोंगा कशाला?

माननीय संपादक महोदय,

नदीच्या घळईतून नौकाविहार करून नुकतीच परतले. ठिकाणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कुणा एका नावाड्याविरुद्ध नाही. अशा सफरींत जी रीत पडून गेली आहे, तिच्याबद्दल आहे.

आमची बोट धक्क्यावरून सुटली तीच गाणी लावून. पुढे दोन्ही कडे जवळ येऊ लागले तसा आवाज वाढतच गेला, कारण समोरासमोरच्या कातळभिंतींवर आपटून तो पुन्हा पुन्हा अंगावर येतो. त्यात इंजिनाची धडधड, आणि सगळ्यांवर वरताण भोंग्यातून कातळातल्या आकृत्या दाखवणारा: हा बघा हत्ती, तो बघा साधू, ती बघा गाय. माझ्या सासऱ्यांनी शेवटी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले.

मध्येच एका रुंद डोहात पंख्यात दोर अडकला आणि इंजिन बंद पडले. गाणीही थांबली. सात-आठ मिनिटेच असतील, पण सफर म्हणून माझ्या लक्षात राहिली ती तेवढीच. कड्यातून पाझरणारे पाणी थेंब थेंब नदीत पडत होते. वर कपारीत पाकोळ्यांची मातीची घरटी होती, त्यांची ये-जा ऐकू येत होती. सासऱ्यांनी यंत्र पुन्हा कानात घातले. एका लहान मुलीने विचारले, कातळ खाली पांढरट आणि वर काळा का? पंख्यातला दोर कापता कापता नावाडी म्हणाला, "पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं. खालचा दगड दर साली घासून निघतो, वरचा तसाच राहतो." ती रेघ आमच्या डोक्यावर तीन पुरुष तरी उंच होती. सगळी बोट माना वर करून बघत राहिली.

हे त्या माणसाला ठाऊक होते, मग तासभर भोंग्यातून आम्हाला हत्ती आणि साधू का दाखवले? कड्यावर उंच दिसणारे गोल खड्डे म्हणजे रांजणखळगे. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून कातळ कोरतात. नदी आज ज्याच्या कितीतरी खालून वाहते त्या उंचीवर ते दिसले, म्हणजे एके काळी तिचे पात्र तिथे होते. भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांचा संगमरवर मुळात चुनखडक होता, उष्णतेने आणि दाबाने तो पालटला. त्यातून गेलेले काळपट पट्टे म्हणजे भेगांत शिरून थिजलेला, वितळलेल्या खडकाचा तप्त रस. एवढे सांगायला दोन वाक्ये पुरतात आणि तेवढ्याने कडा वेगळाच दिसू लागतो. आकृत्या दाखवायला माझी हरकत नाही, मुलांना त्या आवडतात. त्यांच्यापुढेही काही सांगावे, इतकेच म्हणणे आहे.

भोंग्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. "उजवीकडे बघा" अशी आरोळी होताच आमच्या बोटीतली निम्मी माणसे फोटोसाठी उजव्या कठड्याशी धावली आणि बोट कलली. सगळे वजन एका अंगाला गेले की बोट उलटायला वेळ लागत नाही. जीवरक्षक जॅकेटे होती, पण कित्येकांनी ती बसायला घेतली होती. ती बांधायची सूचना झाली असेल तर गाण्यात विरून गेली असणार. घळईत नदीला पसरायला जागा नसते. तेवढेच पाणी अरुंद वाटेतून जायचे, म्हणून ते खोल आणि वेगवान होते आणि पुरात झपाट्याने चढते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशात गोदावरीत पापीकोंडालू डोंगरांच्या वाटेवर कच्चुलुरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली, तेव्हा नदीला पूर होता. अनेकांचे जीव गेले. अशा पाण्यावर नावाड्याचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचलाच पाहिजे.

शिवाय कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात, ती डिवचली गेली तर भर पाण्यात माणसाने पळायचे कुठे?

शांतता राखणे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर, ग्रँड कॅन्यनच्या लीझ फेरी नावाच्या ठिकाणापासूनच्या लांब टप्प्यात, १६ सप्टेंबर ते ३१ मार्च या काळात इंजिनाचे तराफे सोडतच नाहीत, फक्त वल्ह्यांचे जातात. सगळीकडे तसे जमणार नाही. धारेत इंजिन बंद करणे तर धोक्याचेच, कारण मग बोट वळवायची कशी? पण बहुतेक घळयांत एखादा संथ डोह असतो, आणि तो कुठे आहे हे नावाड्याला पाठ असते. तिथे दहा मिनिटे इंजिन थांबवावे. भोंगा बोटीवर असूच नये. जॅकेटे दोर सोडण्याआधी, प्रत्येकाच्या अंगावर बांधून पाहावीत. आणि एखादा कडा दाखवायचा असेल तर माणसांना एका बाजूला बोलावण्याऐवजी बोटच सावकाश फिरवावी, म्हणजे बसल्या जागी सगळ्यांना दिसेल.

परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी या गोष्टी परवान्याच्या अटींत घालाव्यात, अशी आपल्या पत्रातून विनंती करते. त्या मुलीने धक्क्यावर उतरताना नावाड्याला आणखी एक प्रश्न विचारला होता, पण तोवर गाणी पुन्हा सुरू झाली होती. तो काय म्हणाला ते तिला ऐकू आले नाही, मलाही नाही.

आपली,
एक वाचक