जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेण्याआधी खालची ऑइलं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात जुन्या एसयूव्हीच्या बाजारावर मोठा लेख आला होता. किमती वगैरे छान दिल्या होत्या, कुठली गाडी पाच वर्षांनी कितीला जाते ते सगळं होतं, पण ऑल-व्हील-ड्राइव्हबद्दल, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणाऱ्या गाड्यांबद्दल, फक्त एवढंच की यांची गिअरबॉक्सची कामं फार निघतात, त्यामुळे लांब राहिलेलं बरं. आमचं कराडला गॅरेज आहे, घाटातल्या आणि कोकणातल्या गाड्या येतात, आणि हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. कामं निघतात हे खरं आहे. पण माझ्याकडे खोललेल्या गाड्यांत बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं आणि त्याच्या मागचं एकही ऑइल गाडी शोरूममधून निघाल्यापासून बदललेलं नाही.

साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत इंजिन सोडलं तर गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं की झालं. ऑल-व्हीलमध्ये गिअरबॉक्सला चिकटून मागच्या चाकांकडे ताकद काढून देणारा ट्रान्सफर बॉक्स असतो, मग ती ताकद मागे नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मग ती मागच्या दोन चाकांत वाटणारं मागचं डिफरन्शियल, आणि बऱ्याच गाड्यांत त्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक क्लचचा कपलिंग असतो जो गरज पडली की मागची चाकं जोडतो. या प्रत्येकाचं ऑइल वेगळं असू शकतं, काहींचं एकत्र असतं, ते त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघावं लागतं. ट्रान्सफर बॉक्समध्ये बऱ्याचदा लिटरभर पण ऑइल नसतं आणि आडव्या इंजिनाच्या गाडीत तो बसतो एक्झॉस्टच्या शेजारी, म्हणजे थोडंसं ऑइल आणि सतत उष्णता. ते जळून काळं घट्ट झालं की बेअरिंग ओरडायला लागतं, आणि आवाज आला तेव्हा गिअर आधीच खाल्लेले असतात.

स्कोडा यती फोर बाय फोरचं उदाहरण घ्या. 2010 ला आपल्याकडे आली, 2017 ला बंद झाली, आज जुन्या बाजारात शोधून घेणारे लोक आहेत आणि गाडी खरंच चांगली आहे. तिच्यात मागे हाल्डेक्स कपलिंग आहे, मूळ स्वीडनचं तंत्र, 2011 पासून हा धंदा बोर्गवॉर्नरकडे आहे, फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, व्होल्वो अशा अनेकांच्या गाड्यांत तेच बसतं. आत क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि एक छोटा इलेक्ट्रिक पंप प्रेशर बनवतो. प्लेटा घासून त्यांची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते. सुरुवातीच्या यतीत या कपलिंगची जी चौथी पिढी आहे तिला बदलता येणारा फिल्टर तरी आहे, 2013 च्या सुमारास आलेल्या पाचव्या पिढीत तोही काढून टाकला आणि पंपाच्या तोंडावर फक्त एक जाळी ठेवली. नुसतं ऑइल बदलून ही जाळी साफ होत नाही, पंप काढून ती धुवावी लागते, आणि हे काम सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. जाळी चोंदली की पंप जोर लावतो, गरम होतो, जळतो. आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे बऱ्याचदा डॅशबोर्डवर एकही लाइट लागत नाही, मालक वर्षानुवर्षं ऑल-व्हील समजून फ्रंट-व्हील गाडी चालवत असतो आणि आंबोलीच्या चिखलात अडकला की मग कळतं. ऑइल आणि जाळीचं काम तीन वर्षांतून एकदा, खर्च काही हजार. पंप किंवा पूर्ण कपलिंग टाकायचा खर्च सांगायला नको.

जुन्या होंडा सीआर-व्हीचं तर मला मनापासून वाईट वाटतं. तिच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप आहेत, एक प्रोपेलर शाफ्टवर फिरतो आणि दुसरा मागच्या चाकांबरोबर. दोघांच्या वेगात फरक पडला की प्रेशर तयार होऊन क्लच दाबला जातो, साधी आणि टिकाऊ रचना आहे. ऑइल जुनं झालं की पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गाडी वळवताना मागून घुर्र असा आवाज येतो आणि गाडी थरथरते. हा आवाज ऐकून डिफरन्शियल गेलं म्हणून सांगणारे आहेत, आणि पार्टी घाबरून गाडी मिळेल त्या भावात देऊन टाकते. अहो, होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड लिटरभर लागतं, ते बदला, मोकळ्या मैदानात हळू गोल गोल चार चकरा मारा, परत एकदा बदला, बऱ्याच गाड्यांचा आवाज तिथेच जातो. फक्त त्या जागी साधं गिअर ऑइल ओतायचं नाही, क्लचला ते चालत नाही, आणि साधं नव्वद नंबर टाकून बिघडवलेल्या गाड्या मी बघितल्यात.

ऑइल कुठलं हा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो, सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी पुली आणि बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल) टाकायचं नाही, तिच्यातला बेल्ट किंवा चेन पुलीला घट्ट धरून राहायला तेच ठरावीक फ्लुइड लागतं, घसरायला लागली की पुलीवर ओरखडे आणि मग पूर्ण बॉक्स. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर तेच, जीएल-5 भारी म्हणून ते टाकू नका, गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी रिंगांना, म्हणजे सिंक्रोला, त्यातलं अॅडिटिव्ह त्रास देऊ शकतं. मागच्या डिफरन्शियलला मात्र बहुधा जीएल-5 च लागतं.

आता ते लाइफटाइम ऑइल, म्हणजे कधीच बदलायला नको असं सांगतात ते. माझा पुतण्या अमेरिकेत आहे, तिकडे बर्फ असल्यामुळे सुबारू या जपानी कंपनीच्या ऑल-व्हील गाड्यांचा फार बोलबाला, त्याला 2013 ची आउटबॅक घ्यायची होती म्हणून त्याने विचारलं. सुबारूच्या सीव्हीटीसाठी तिकडच्या नेहमीच्या सर्व्हिसच्या तक्त्यात फ्लुइड तपासा असं आहे, बदला असं नाही, फार ओझं ओढत असाल तर बदला. आणि त्याच कंपनीला 2010 पासूनच्या अनेक मॉडेलांची सीव्हीटीची वॉरंटी 5 वर्षं किंवा 60,000 मैलांवरून 10 वर्षं किंवा 1 लाख मैल अशी वाढवावी लागली. कंपनीने वाढवली ही चांगलीच गोष्ट. पण 2013 च्या गाडीची ती 10 वर्षं संपली, आता जो घेईल त्याचा खिसा. त्याला मी म्हटलं फ्लुइड बदलल्याचं बिल असेल तर घे, नसेल तर पुढची बघ. कंपनीच्या हिशेबात लाइफटाइम म्हणजे पहिल्या मालकाचं आयुष्य असतं असंच मला आजवरच्या कामावरून वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा विचार त्या तक्त्यात नसतो.

घ्यायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या, खड्ड्यावर घेतली तरी चालेल. फिटरला आधी ऑइल भरायचा नट खोलायला सांगा, काढायचा नंतर, कारण भरायचा नट गंजून बसला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच अडकते. नटाच्या लोहचुंबकावर करडी बारीक पूड दिसली तर घाबरू नका, ती असतेच. चकत्या, तुकडे दिसले तर उठून चालायला लागा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे, 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाच्या किती गाड्या आतून धुऊन, सीट कव्हर बदलून विकल्या गेल्या असतील विचार करा. इंजिन सुकवलं जातं, पण डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) गेलेलं पाणी तसंच राहतं आणि बेअरिंग गंजत बसतं. दिल्लीकडून एनओसी घेऊन येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांनाही हेच लागू, चकाचक असतात, खालचं कुणी बघितलेलं नसतं.

टायर चारही एका मापाचे, एका कंपनीचे आणि सारख्या झिजेचे आहेत का बघा. सुबारू तर चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण 6 मिमीपेक्षा जास्त फरक नको म्हणते. पुढे दोन नवे आणि मागे दोन गुळगुळीत असले की पुढची-मागची चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि कपलिंगला क्षणाची विश्रांती मिळत नाही. विकणारा दोन नवे टायर टाकून गाडी सजवतो तेव्हा लोक खूश होतात, मला भीती वाटते.

आणि टोचन. गाडी बंद पडली की क्रेनवाला पुढची दोन चाकं उचलतो आणि मागची रस्त्यावर फिरवत वीस-तीस किलोमीटर नेतो. बऱ्याच ऑल-व्हील गाड्यांना याने कपलिंग किंवा ट्रान्सफर बॉक्स जाऊ शकतो, चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच मागवायची, विम्यात रोडसाइड असेल तर फोनवर तसं ठासून सांगा.

जुन्या गाड्या विकणारे मोठे लोक दीडशे-दोनशे पॉइंट तपासणीचा कागद देतात. त्यात सीटचा डाग असतो, म्युझिक सिस्टिम असते, दरवाजाचा रबर असतो. ऑल-व्हील गाडी असेल तर त्या कागदावर गिअरबॉक्स, ट्रान्सफर बॉक्स, मागचं डिफरन्शियल आणि कपलिंग यांचं ऑइल शेवटचं कधी आणि कुठल्या नंबरचं टाकलं हे पण लिहून द्यायला हवं, माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, मग गिऱ्हाईक तेवढे पैसे बाजूला ठेवेल. तुमच्या पेपरात या लोकांच्या पानभर जाहिराती येतात, म्हणून तुम्हालाच विनंती आहे की हा प्रश्न त्यांना तुम्ही विचारावा आणि त्यांचं उत्तर छापावं.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, कराड