विसापैकी अकरा

लियॉन, फ्रान्स, ९ डिसेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही "विसापैकी अकरा?" एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. आई, तू लगेच म्हणालीस, "तिला शिकवणी लाव." तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर सगळं सांगता येत नाही, आणि बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकूही येत नाही.

आधी तुमच्या नातीला निबंधात मिळालेल्या त्या अकराबद्दल. इथे सगळं विसापैकी मोजतात आणि दहाला उत्तीर्ण. शाळेच्या शेवटच्या, 'बाक' नावाच्या परीक्षेत बारा मिळाले तरी प्रमाणपत्रावर 'बऱ्यापैकी' असा शेरा येतो, चौदाला 'चांगले' आणि सोळाला 'फार चांगले'. निबंधाला वीस गुण कुणी देत नाही, ते देवाचे असं इथले लोक म्हणतात. दोन वर्षांपूर्वी या पोरीला फ्रेंचचं एक वाक्य येत नव्हतं. नव्याने आलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसून ती भाषा शिकली. अकरा वाईट नाहीत, बाबा.

पण खरं सांगते, तो कागद पाहून मीच जास्त हादरले होते. अमेरिकेत एडिसनच्या शाळेतून चकचकीत स्टिकर आणि 'ग्रेट जॉब' लिहिलेले कागद घरी यायचे. या कागदाचा समास लाल शाईने भरला होता. एका वाक्याखाली रेघ आणि शेजारी एकच शब्द, 'ओबडधोबड'. खाली शेरा, 'ठीक, पण वरवरचं.' पोरगी खोलीत जाऊन रडली. मी त्याच रात्री शाळेच्या ॲपवरून बाईंना अमेरिकन पद्धतीने लिहिलं, ती खूप मेहनत घेते, थोडं प्रोत्साहन मिळालं तर बरं होईल, गुण वाढवायला जास्तीचं काही काम देता येईल का. उत्तर दोन ओळींचं आलं. "मादाम, गुरुवारी पाच वाजता मुलीला घेऊन या."

बाईंनी चहापाण्याचं, घरचं, काही विचारलं नाही. थेट कागद उघडला. विषय होता आठवणीतलं घर, आणि तुमच्या नातीने वाईचं घर लिहिलं होतं. 'ते घर खूप सुंदर होतं' या वाक्यावर बोट ठेवून बाई तिला म्हणाल्या, "सुंदर म्हणजे काय? सकाळी उठल्यावर पहिला वास कसला यायचा?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आजोबा पहाटे पाणी तापवायचे, त्या धुराचा. कशात तापवायचे? तांब्याच्या उंच भांड्यात, मधल्या नळीत निखारे. त्याला म्हणतात काय? फ्रेंच शब्द आमच्या दोघींकडेही नव्हता. बाई म्हणाल्या, "मग 'बंब'च लिही आणि तो मला दिसेल असं कर." एका वाक्यावर चाळीस मिनिटं गेली. निघताना गुण वाढवले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

बाबा, त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला माझी सातवी आठवली. पावसाळ्यावरच्या निबंधात मी 'धो धो पाऊस' लिहिलं होतं आणि तुम्ही समासात लिहिलं होतंत, 'हे कुणीही लिहील.' वर्गात तुम्हाला 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', पण त्या दिवशी घरी आल्यावर मी तुमच्याशी बोलले नव्हते. बरीच वर्षं ती आढी होती, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय. तुम्ही माझं लिखाण किती लक्षपूर्वक वाचत होतात, ते मला तेव्हा दिसलंच नाही.

म्हणून अमेरिकेतले शिक्षक कमी, असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही. तिथल्या तिसरीच्या बाई रोज सकाळी वर्गाच्या दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायच्या. ही वर्गासमोर तोंड उघडत नव्हती, तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या तीन मैत्रिणींपुढे तिला बोलायला लावलं. पुढच्या महिन्यात सहा जणींपुढे. वर्गातली निम्मी पुस्तकं त्यांनी स्वतःच्या पैशाने आणली होती. शनिवारी तिची फुटबॉलची मॅच बघायलाही आल्या होत्या. ती आज बोलते ती त्या बाईंमुळे, आणि ते ऋण मी विसरणार नाही. फक्त एक गोष्ट तिथे घडली नाही. तिचं वाक्य कच्चं आहे, असं तिला कुणी सांगितलं नाही.

हा फरक नुसता स्वभावाचा नाही. इथला सरकारी शाळेतला शिक्षक देशपातळीवरची स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकरीत येतो आणि शिक्षण मंत्रालय त्याला कुठेही पाठवतं. तुमच्या बदल्या आठवा! अभ्यासक्रम सगळ्या देशाला एक. बाकच्या लेखी उत्तरपत्रिका नाव झाकून तपासतात. तिथे शिक्षकाला नेमतो तो गावचा शाळा-विभाग, आणि शाळेचा मोठा खर्च लोकांच्या घरपट्टीतून निघतो. पालक हक्काने विचारतात, शिक्षकही पालकांना धरून राहतो. कॉलेजच्या अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, त्यामुळे मुलाला माणूस म्हणून ओळखणं हा तिथे कामाचाच भाग होतो.

इथे मला खुपतं ते हेच. शिक्षक शिकवतो आणि जातो. उशीर, गैरहजेरी, भांडणं बघायला वेगळी माणसं असतात. पहिल्या वर्षी ही कित्येक आठवडे कँटीनमध्ये एकटी जेवत होती आणि एकाही शिक्षकाच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते देखरेखीला ठेवलेल्या एका कॉलेजातल्या मुलाच्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आई, तुला आवडेल असं एक सांगते. पहिल्याच आठवड्यात हिने बाईंना 'त्यु' म्हटलं, म्हणजे आपलं 'तू', आणि अख्खा वर्ग चिडीचूप. बाई मुलांना 'त्यु' म्हणतात, मुलांनी मात्र 'वू' म्हणायचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून तर ती आजोबांना "तू जेवलास का" विचारायची आणि मी दहादा सांगूनही सुधारली नाही. फ्रेंच शाळेने ते आठवड्यात केलं. आता मला विचारते, "आजीला तू आणि आजोबांना तुम्ही, म्हणजे आजी जास्त जवळची का?" मी काय उत्तर देणार!

अल्बेर कामूला १९५७ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्याने अल्जीयर्समधल्या आपल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना, लुई जेर्मँना, पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आधी आई आठवली आणि मग तुम्ही, असं त्यात आहे. एवढा मोठा लेखक, तरी पत्रात जेर्मँ 'मस्य', म्हणजे श्रीयुत, आणि 'वू'च राहिले. शिक्षकांनी मात्र दीड वर्षाने लिहिलेल्या पत्राची सुरुवात 'माझ्या लाडक्या पोरा' अशी केली. ती दोन्ही पत्रं वाचून मी बाईंच्या त्या दोन ओळींचा राग सोडला.

गेल्या आठवड्यात पहिल्या सत्राची वर्गसभा झाली. त्यात सगळे शिक्षक, निवडून आलेले दोन विद्यार्थी आणि पालकांचे प्रतिनिधी बसतात आणि एकेका मुलाबद्दल बोलतात. हिला 'प्रोत्साहन' हा शेरा मिळाला आहे, म्हणजे गुण कमी असले तरी धडपड दिसते आहे. काल इथे दिव्यांचा सण होता, लोक खिडक्यांत काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लावतात. आम्ही तुम्ही पाठवलेल्या पणत्या लावल्या.

सोबत तिचा निबंध आहे, पुन्हा लिहिलेला. मराठी तिनेच केलं आहे, मी एक शब्दही बदललेला नाही. बंबाचा परिच्छेद दुसऱ्या पानावर आहे. बाबा, समास मुद्दाम रुंद सोडायला सांगितलाय, लाल पेनाने तपासून पाठवा आणि हात आखडू नका. आई, तू खाली छान लिही. बाबांचं झाल्यावर.

तुमची,
ताई